टेंगूळ उतरलं, एनसी राहिली

डाळिंब्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. शालनने भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले. ते कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा बोटांत दाबून साल काढायची. आम्ही मूळचे माणगावकडचे. आमच्यात डाळिंब्यांची उसळ असली की दुसरं काही लागत नाही. मधे परात, एका बाजूला डाळिंब्यांचं पातेलं, दुसऱ्या बाजूला सालींची ताटली. लग्न झाल्यापासून हे काम आम्ही असंच करत आलेलो. ती सोलायची, मी निम्मे दाणे मोडायचो आणि तिची बोलणी खायचो.

त्या दिवशी बघतो तर ती साली पातेल्यात टाकत होती आणि डाळिंब्या ताटलीत.

"अगं, उलटं करतेस."

"काय उलटं?"

"साली कुठे टाकतेस बघ."

तिने पातेल्यात बघितलं, ताटलीत बघितलं. म्हणाली, "तुम्हीच बदललीत भांडी." आणि परत तसंच चालू. मी हसलो. तीही हसली, पण कशाला हसायचं ते तिला कळलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, वय झालं.

दुसऱ्या दिवशी तिला साडीच्या निऱ्या घालता येईनात, आणि उजवा पाय फरफटत यायला लागला.

मी चौथी शिकलेला माणूस. खोपटच्या एसटी डेपोत टायरच्या कामाला होतो, तिथूनच रिटायर झालो. लिहायची सवय नाही. हे लिहितोय ते सरकारी हॉस्पिटलच्या बाकड्यावर आज माझ्यासारखी जी माणसं बसली असतील त्यांच्यासाठी. घरच्या माणसाला कोणीतरी मारलेलं असतं, आणि डॉक्टर आजाराचं सांगतो, पोलिस पोलिसाचं सांगतो. मधलं कोणी सांगत नाही. ते मला फार उशिरा कळलं.

पंप

आजार म्हणतो मी, पण तो आभाळातून पडलेला नव्हता.

वर्तकनगरात आमची जुनी बिल्डिंग. आम्ही तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाचं बटण आमच्या दाराशेजारी. त्यामुळे पंपावर लक्ष ठेवायचं काम शालनचं. कोणी नेमलेलं नव्हतं, ती आपली करायची. संक्रांतीच्या थोडं आधीची गोष्ट. खालच्या टाकीतलं पाणी संपलं, पंप कोरडा फिरून जळका वास यायला लागला, म्हणून तिने बंद केला.

वरच्या मजल्यावरचा तुषार आंघोळीला बसलेला. टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण तसाच, खाली आला. तिशी ओलांडलेला माणूस आहे, लहान पोर नाही.

"काकू, कोणाला विचारून बंद केलात?"

"अरे, मोटर जळेल. खाली पाणीच नाही."

"चालू करा आधी. मला कामावर जायचंय."

ती बटणासमोर उभी राहिली. त्याने तिला खांद्याला धरून बाजूला ढकललं. ती मीटरच्या लोखंडी पेटीवर आपटली, कानाच्या वर. मी दारात उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत. तुषारने पंप चालू केला आणि वर निघून गेला.

रक्त नाही आलं. टेंगूळ आलं, लिंबाएवढं. मी तिला रिक्षात घातलं आणि पोलिस स्टेशनला गेलो. हवालदाराने ऐकून घेतलं, लिहून घेतलं, शिक्का मारून एक कागद माझ्या हातात दिला.

"झाली केस?"

"एनसी घेतली, आजोबा."

"मग त्याला बोलावणार ना?"

"समज देऊ. बर्फ लावा काकूंना."

मला वाटलं केस झाली. तो कागद मी देवाच्या फोटोमागे ठेवला. एनसी म्हणजे केस नव्हे. एनसी म्हणजे पोलिसांनी ऐकलं, आणि आता पुढे काही करायचं तर तुम्ही कोर्टात जा. हे तिथे कोणी सांगत नाही. त्याच दिवशी पोलिसांचं पत्र घेऊन सरकारी दवाखान्यात तिला तपासून घेतलं असतं तर पुढची निम्मी वणवण वाचली असती. पण ते पत्र मागावं लागतं, आणि ज्याला माहीत असतं तोच मागतो.

टेंगूळ चार-पाच दिवसांत उतरलं.

तिळगूळ

संक्रांत आली. तुषारची आई सुमन ही शालनची मैत्रीण, दोघी नव्या नवऱ्या म्हणून ह्याच बिल्डिंगीत आल्या. सुमनने हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. मी म्हटलं, जायचं नाही.

"संक्रांतीचं बोलावलं आणि गेले नाही, असं कधी झालंय?"

"तिच्या पोराने तुला आपटलंय."

"पोराने आपटलंय, सुमनने नाही."

गेली. ठेवणीतली साडी नेसून गेली. वाण म्हणून चहाची गाळणी घेऊन आली. म्हणाली, "सुमन रडली. मी तिळगूळ दिला, तिने दिला. संपलं आता." आमच्याकडे हे असं असतं. तिळगूळ घेतला की मागचं उकरायचं नाही. शालनसारखी बाई हे पाळते, मग डोक्याच्या आत काही का होत असेना.

तुषारने जिन्यात माझ्यापुढेही डबा धरला. मी म्हटलं, "दात नाहीत." आणि पुढे गेलो.

निदान

पाय फरफटायला लागला त्या दिवशी डोंबिवलीहून मुलगी आली, वैशाली. तिघं मिळून सरकारी हॉस्पिटलला. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता, डोळे तांबारलेले. विचारलं, "डोक्याला कधी मार लागलेला का? पडल्या होत्या का?"

वैशालीने माझा हात दाबला. हळूच म्हणाली, "अण्णा, पडली म्हणून सांगा. नाहीतर पोलिसांचं लचांड लागेल. अ‍ॅडमिट करायला वेळ लावतील."

असं सगळ्यांनाच वाटतं. खोटं आहे ते. पोलिसांचं काही असलं तरी डॉक्टरने उपचार थांबवायचे नसतात, त्याने फक्त पोलिसांना कळवायचं असतं. पण त्या क्षणी मलाही हे माहीत नव्हतं. मी आपलं जे झालं ते सांगितलं.

"ढकललं होतं."

"म्हणजे मारहाण?"

"ढकललं म्हणजे ढकललं. त्याला तुमच्यात काय म्हणतात ते लिहा."

त्याने लिहिलं. एवढं एक काम मी सुरुवातीला बरोबर केलं, आणि तेही तोंड फटकळ म्हणून.

स्कॅन झाला. डॉक्टरने काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त साठलेलं. एकदम नाही, थेंब थेंब, इतके दिवस. म्हातारपणी असं होतं म्हणाला, मार साधा वाटतो, माणूस चालतं-बोलतं असतं, आणि आत भरत जातं. मी विचारलं, "टेंगूळ तर उतरलं होतं?" तो म्हणाला, "ते बाहेरचं."

मला राग नीट आला तो तेव्हा. तोवर नुसती भीती होती.

बायकांचा वॉर्ड

कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. ऑपरेशनच्या दाराबाहेर बसायचं काय असतं ते मी लिहीत नाही. ज्याने केलंय त्याला माहीत आहे.

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत. सकाळी फिनेलने फरशी पुसून झाली की "नातेवाईक बाहेर" अशी आरोळी. मग राउंड. मग दूध-पाव. मग भेटायची वेळ, तेवढ्यात मी तिचं तोंड बघून यायचो. बाकी दिवस बाकड्यावर. शहाडचा एक माणूस शेजारी बसायचा, त्याच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने मारलेलं. तो सगळ्यांना सांगायचा, "बाथरूममधे घसरली." मला एकट्याला खरं सांगितलं. त्या बाकड्यावर घसरलेल्यांचीच माणसं होती सगळी.

वैशाली डोंबिवलीहून येऊन-जाऊन करत होती. तिचं घर, तिची सासू, तिची नोकरी. मी रोज दुपारी पोलिस स्टेशनला चक्कर मारायचो हे तिला आवडत नव्हतं. एकदा जिन्यात थांबून म्हणाली, "अण्णा, तुम्हाला आई बरी व्हायला हवीय की केस हवीय?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही होत नाही. मी एकटी आहे."

ती चुकीचं बोलत नव्हती. पण मी जाणं थांबवलं नाही.

फोटो

हॉस्पिटलमधून पोलिसांना कळवलेलं होतं. पोलिस स्टेशनच्या साहेबांनी तुषारला बोलावलं. तो सोसायटीच्या सेक्रेटरीला घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाकून नमस्कार केला. मग खिशातून मोबाइल काढला.

"साहेब, काकू आमच्या घरच्यासारख्या आहेत. हे बघा, हळदीकुंकवाला आल्या होत्या आमच्याकडे."

फोटोत शालन सुमनच्या हातावर तिळगूळ ठेवतेय आणि हसतेय. बिल्डिंगीच्या ग्रुपवर टाकलेला फोटो.

साहेब माझ्याकडे वळले. "आजोबा, एवढं मारलं असतं तर त्यांच्या घरी गेल्या असत्या का?"

"संक्रांत होती."

"तेच म्हणतोय मी. गोडीगुलाबीत आहात तुम्ही."

त्यांना मी कसं समजवायचं. साहेबांच्या घरीसुद्धा संक्रांत होत असेल. त्यांच्याही मिसेस नको त्या घरी जाऊन गाळणी घेऊन येत असतील. त्यांना सगळं समजत होतं. पण फोटो सोयीचा होता.

वर म्हणाले, "काकूंचा जबाब लागेल. शुद्धीवर आल्या की इथे घेऊन या."

त्या दिवशी मी पहिल्यांदा कोर्टाच्या आवारात गेलो. विधी सेवेचं ऑफिस असतं तिथे, फुकट वकील देतात. बाईमाणसाला कमाई न विचारता देतात. हे मला शहाडवाल्याने सांगितलं, त्याला कोणी सांगितलं देव जाणे. वकीलबाई भेटल्या, माझ्या वैशालीपेक्षा लहान. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काका, बाईला जबाबासाठी पोलिस स्टेशनला बोलावताच येत नाही. पोलिसांनी तिच्याकडे जायचं. आणि आता इजा गंभीर निघालीय, आता ती एनसी राहत नाही. त्यांनी गुन्हा नोंदवून घेतला नाही तर वरच्या साहेबांना लेखी द्या, तेही नाही ऐकले तर आपण कोर्टात मागू." अर्ज त्यांनीच लिहून दिला. मी सही केली. एवढ्या दिवसांत "काका, हा तुमचा हक्क आहे" असं म्हणणारं तेच एक माणूस भेटलं.

शुद्ध

ऑपरेशननंतर शालन चांगली शुद्धीवर आली. हे दिवस मिळाले, एवढी मेहेरबानी झाली. डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "कोणी भादरलं मला?"

"डॉक्टरने."

"तिरुपतीला न जाता काम झालं. तुम्ही तसेच राहिलात."

मग डाळिंब्यांचं विचारलं. मी म्हटलं, आंबल्या, फेकल्या. त्यावर ती जी चिडली ते बघून मला वाटलं, झाली बरी.

वकीलबाईंच्या अर्जाने असेल, एक लेडी हवालदार वॉर्डात आली. डॉक्टरने लिहून दिलं की पेशंट बोलू शकते. मला पडद्याबाहेर काढलं, पण पडद्याला कान असतात.

"मावशी, काय झालेलं?"

"काही नाही गं. पंपावरून बोलाचाली."

"ढकललं का कोणी?"

शालन म्हणाली, "ढकललं."

"कोणी?"

"सुमनच्या तुषारने. पण ते लिहू नको. मी तिळगूळ घेतलाय त्यांच्या घरचा. माझी काही तक्रार नाही."

"मावशी, तिळगूळ वेगळा, डोकं फुटलं ते वेगळं."

"तुला लेकरं आहेत का?"

"एक आहे."

"मग तुला कळेल. त्याचं लग्न जमतंय आत्ता."

हवालदार बाईने दोन्ही लिहिलं. ढकललं तेही, तक्रार नाही तेही. तिचा दोष नाही, बोलली तेच लिहायचं असतं. पण साहेबांनी शेवटची ओळ तेवढी वाचली.

मी पडद्याआत गेलो. म्हटलं, "काय केलंस हे?"

"तुम्हाला काय मिळणार आहे त्याला आत टाकून?"

"मला काही मिळायला नकोय. त्याने केलं ते त्याच्या नावावर लागायला हवंय."

"लावा मग तुम्ही. माझ्या तोंडून नाही." आणि कूस बदलली. आमचं भांडण झालं की ती कूसच बदलायची. चाळीस वर्षांची सवय.

वकीलबाईंना हे सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "त्या नको म्हणाल्या तरी तुम्ही बघितलंय ना? गंभीर गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतं. तुम्ही द्या." मग म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण उद्या काही कमी-जास्त झालं तर पोस्टमॉर्टेम सोडू नका."

मला त्यांचा राग आला. माझी बायको पलंगावर बसून पेज पीत होती.

सही

मग ताप आला. छातीत कफ भरला. औषधं बदलली, नळ्या वाढल्या. डॉक्टर म्हणाला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या पेशंटला असं होतं, पण सुरुवात डोक्यापासूनच आहे. एका दुपारी भेटायच्या वेळेआधी मला आत बोलावलं तेव्हाच मी समजलो.

शालनचा भाऊ गावाहून आला. हवालदार कागद घेऊन आला. म्हणाला, "कोणावर संशय नाही असं लिहून द्या. साहेबांना सांगून चिरफाड टाळता येईल, बॉडी लगेच मिळेल."

मी म्हटलं, "संशय नाहीच आहे. मला माहीत आहे."

"दाजी, सही करा," भाऊ म्हणाला. "सवाष्ण गेलीय. तिला न्हाऊमाखू घालून, नीट नेसवून न्यायचंय. कापून नको."

वैशाली रडत नव्हती. तिने फक्त एवढंच म्हटलं, "आता तरी सोडा तिला."

मी सही केली नाही. बाकड्यावर जाऊन बसलो. शहाडवाला उठून माझ्या बाजूला येऊन बसला.

शालनला परत दिलं ते पांढऱ्या कापडात बांधून. भाऊ म्हणाला ते बरोबर होतं. न्हाऊ घालता आलं नाही, नेसवता आलं नाही. वैशालीने हिरवी साडी वरून पांघरली, कुंकू लावलं, बांगड्या हातात चढवता येईनात म्हणून छातीवर ठेवल्या. हे मी लपवत नाही. जो कोणी हे वाचून पोस्टमॉर्टेम मागेल त्याला ह्याची किंमत माहीत असावी. वैशाली आजही माझ्याशी कामापुरतं बोलते.

बिल्डिंगीखाली तयारी चालू होती. उचलायच्या वेळी तुषार खांदा द्यायला पुढे आला. रडून डोळे सुजलेले. खोटं रडत नव्हता, एवढं मी म्हणेन.

मी म्हटलं, "तू बाजूला हो."

सुमन जिन्यात उभी होती, ती पुढे आली. "भावजी, असं करू नका हो. तिने माफ केलेलं. तिळगूळ घेतलेला तिने."

"तिने घेतला," मी म्हटलं. "मी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी

सुतकात बाहेर जायचं नसतं. मेहुणा दारात आडवा आला, "दाजी, लोक काय म्हणतील." मी चपला घातल्या आणि गेलो.

साहेब नुकतेच आलेले. मला बघून उभे राहिले, हे पहिल्यांदाच. "आजोबा, अकस्मात मृत्यूची नोंद झालीय. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट येऊ दे. तेरावं उरका आणि मग सावकाश या."

"तेराव्याचं मुलगी बघेल. मी खबर द्यायला आलोय. मी बघितलंय."

"काकूंनीच लिहून दिलंय, तक्रार नाही म्हणून."

"त्यांची नव्हती. माझी आहे. आणि ढकललं हेही त्यांनीच लिहून दिलंय. तेही वाचा."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. मी खुर्ची ओढून बसलो. माझे गुडघे असे आहेत की एकदा बसलो की लवकर उठत नाही, हे त्यांना आता माहीत झालंय. त्यांनी कोणाला तरी फोन लावला, बाहेर जाऊन बोलले, परत आले. मग टायपिंगवाल्याला हाक मारली.

मी सांगत गेलो. पंप, साबण, खांदा, मीटरची पेटी. तुषारचं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, ते मला त्याच्या लहानपणापासून पाठ आहे, त्याला शाळेत घालायला मीच गेलेलो. लिहून झाल्यावर साहेबांनी कागद पुढे सरकवला. "इथे सही."

"वाचून दाखवा."

"तुम्हाला वाचता येतं ना?"

"येतं. पण तुम्ही वाचून दाखवायचं असतं."

त्यांनी वाचलं. मोठ्याने. बाकीचे हवालदार ऐकत होते. मी सही केली, आणि हात पुढे करून थांबलो. साहेबांना कळलं. एक प्रत फुकट द्यायची असते. दिली.

"आता घरी जा, आजोबा. तपासाचं काय झालं ते तीन महिन्यांत कळवतो आम्ही. फोनवर."

"फोनवर मला नीट ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मीच येत जाईन."